व्हीसीटीचे शेअर विकायचे कसे: ब्रिटनमध्ये नव्याने स्थिरावणाऱ्यांसाठी

दरवर्षी ५ एप्रिल जवळ आला, म्हणजे इथलं करवर्ष संपत आलं, की आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर व्हेंचर कॅपिटल ट्रस्टची, म्हणजे व्हीसीटीची, चर्चा सुरू होते. ही छोट्या कंपन्यांत पैसे गुंतवणारी कंपनी; तिचे नवे शेअर घेतले की आयकरात सूट मिळते. कोणत्या व्हीसीटीची ऑफर उघडली, कोणती भरत आली, किती कर परत मिळेल. नुकताच पगार वाढलेले आयटीतले लोक, कन्सल्टंट झालेले डॉक्टर, बँकेत बोनस मिळालेले, सगळे विचारतात आणि सगळ्यांना उत्तरं मिळतात. काही वर्षांनी त्यांच्यातलंच कोणी विचारतं, "आता हे विकायचे कसे?" तेव्हा ग्रुपवर कुणी बोलत नाही. विकलेले लोक मुळात थोडे, आणि ज्यांनी घाईत विकून पैसे घालवले त्यांना ते सांगायचं नसतं. मी इथे बरीच वर्षं आहे, व्हीसीटी घेतलेही आहेत आणि विकलेही आहेत, आणि नवी माणसं दरवेळी त्याच ठिकाणी अडखळताना पाहते आहे. म्हणून हे फक्त विक्रीबद्दल लिहिते. घ्यावेत की घेऊ नयेत हा प्रत्येकाच्या पगाराचा आणि धीराचा प्रश्न आहे.

तरी घेण्याबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण तिच्यावरून फार लोक फसतात. एक लाख पौंडांच्या वर पगार गेला की वैयक्तिक करमुक्त मर्यादा कमी होत जाते आणि लहान मुलांच्या मोफत पाळणाघराचे तासही जातात. ते परत मिळवायला व्हीसीटी उपयोगी पडत नाही. व्हीसीटीमुळे तुमचं उत्पन्न कमी धरलं जात नाही, फक्त शेवटी भरायच्या करातून सूट वजा होते. त्या कामाला पेन्शनमध्ये भरलेली रक्कम किंवा गिफ्ट एडची, म्हणजे धर्मादाय संस्थेला करसवलतीसह दिलेली, देणगी चालते. पाळणाघरासाठी म्हणून व्हीसीटी घेणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांना ते कळतं तेव्हा पैसे पाच वर्षांसाठी अडकलेले असतात.

खरेदीदार एकच असतो

व्हीसीटी लंडन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदलेली कंपनी असते. त्यामुळे आपल्याला वाटतं की टाटा मोटर्स किंवा इन्फोसिसचा शेअर विकावा तसाच हाही विकता येईल. अ‍ॅप उघडलं, विका दाबलं, पैसे आले. कागदावर ते खरं आहे. पण समोर घेणारा कोण, याचा विचार करा.

तुम्ही व्हीसीटीचा शेअर नवीन ऑफरमध्ये, थेट कंपनीकडून घेतलात, म्हणून तुम्हाला आयकरात सूट मिळाली. ६ एप्रिल २०२६ च्या आधी घेतलेल्यांना ३० टक्के, त्यानंतर घेणाऱ्यांना २० टक्के. तोच शेअर उद्या तुमच्याकडून बाजारात कुणी घेतला तर त्याला ही सूट मिळत नाही. त्याला करमुक्त लाभांश मिळेल, भांडवली नफ्यावर कर लागणार नाही, पण सुरुवातीची मोठी सूट नाही. मग शंभर पेन्सचा नवा शेअर ज्याला सूट धरून सत्तर-ऐंशी पेन्सला पडतो, तो तुमचा जुना शेअर पूर्ण भावाने का घेईल? म्हणून जुन्या व्हीसीटी शेअरांना बाहेर गिऱ्हाईक जवळपास नसतं. उरते ती कंपनी स्वतः. बहुतेक व्हीसीटी आपलेच शेअर परत विकत घेतात, आणि घेताना निव्वळ मालमत्ता मूल्याच्या, म्हणजे एनएव्हीच्या (कंपनीच्या मालमत्तेतून देणी वजा करून एका शेअरच्या वाट्याला येणारी किंमत), थोडा खाली भाव देतात. बऱ्याच ठिकाणी ही कपात ५ टक्क्यांच्या आसपास असते, काही ठिकाणी १० टक्क्यांपर्यंत. याला सगळे बायबॅक म्हणतात.

हे एकदा नीट समजलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. खरेदीदार एकच असल्यामुळे भाव तो ठरवतो, दुकान उघडायची वेळ तो ठरवतो, आणि त्याच्याकडे पैसे नसतील तर विक्री होत नाही. बायबॅक हा तुमचा हक्क नाही. तो संचालक मंडळाचा निर्णय असतो आणि प्रत्येक वार्षिक अहवालात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. व्हीसीटीला आपली किमान ८० टक्के गुंतवणूक पात्र छोट्या कंपन्यांत ठेवावी लागते. त्या बहुतेक शेअरबाजारात नोंदणी नसलेल्या, पटकन न विकता येणाऱ्या. त्यामुळे हातात रोख थोडी. भागधारकांना कायद्याने देता येणारा राखीव निधी संपला, दुसऱ्या व्हीसीटीशी विलीनीकरणाची बोलणी सुरू झाली, किंवा बाजार एकदम कोसळून एनएव्ही नक्की सांगता येत नसला, की बायबॅक थांबवतात. ज्या व्हीसीटीकडे दरवर्षी नवीन गुंतवणूकदार येतात तिला जुन्यांना पैसे देणं सोपं जातं. जिची नवी ऑफर वर्षानुवर्षं निघालेली नाही, तिच्यात अडकलेल्यांना वाट पाहावी लागते.

भाव खरा कुठे दिसतो

अ‍ॅपवर दिसणाऱ्या भावावर विसंबू नका. तो अनेकदा थोड्याशा शेअरांपुरता असतो आणि घेण्या-विकण्याच्या भावातलं अंतर मोठं असतं. खरा भाव पाहायचा असेल तर लंडन स्टॉक एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर तुमच्या व्हीसीटीच्या नावाखाली कंपनीच्या अधिकृत घोषणा वाचा. कंपनीने स्वतःचे शेअर विकत घेतले की त्याची घोषणा तिला करावीच लागते: कोणत्या तारखेला, किती शेअर, किती पेन्सला. मागच्या वर्षभराच्या अशा घोषणा खाली खाली वाचत गेलात की ही व्हीसीटी वर्षातून किती वेळा खरेदी करते, कोणत्या महिन्यांत करते आणि एनएव्हीपेक्षा किती खाली भाव देते, हे सगळं समजतं. कुणालाही काहीही विचारावं लागत नाही आणि एक पैसाही लागत नाही. या देशाबद्दल मला हे मनापासून आवडतं की माहिती उघड ठेवतात. फक्त ती तुमच्या दारात आणून देत नाहीत. जो विचारतो त्याला मिळते, आणि जेवढं विचारलं तेवढंच सांगतात.

काही व्हीसीटी एनएव्ही तिमाहीला जाहीर करतात, काही सहामाहीला. ज्या एआयएम या लंडनच्या छोट्या कंपन्यांच्या शेअरबाजारातल्या कंपन्यांत गुंतवतात त्या जास्त वेळा करतात. बायबॅकचा भाव शेवटच्या जाहीर एनएव्हीवर ठरतो. लाभांशाची तारीख जवळ असेल तर तो हातात पडू द्या आणि मग विका. लाभांश पूर्ण मिळतो, त्यावर कपात नाही. तोच लाभांश एनएव्हीत धरला असताना विकलात तर त्यावरही ती ५ टक्के कपात बसते.

फोन करा

ब्रोकरकडे खातं उघडायचं वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्ही आल्या आल्याच केलेलं असतं.

विकायचे शेअर अगदी थोडे असतील तर अ‍ॅपवरूनही काम होतं. पण मिळेल त्या भावाने असा आदेश कधीही देऊ नका. नेहमी किमान भाव लिहून द्या. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने पुण्याच्या सवयीने रात्री अ‍ॅपवरून मिळेल त्या भावाचा आदेश टाकला. त्या दिवसांत कंपनीची खरेदी बंद होती आणि मार्केट मेकरने, म्हणजे बाजारात स्वतः भाव लावून शेअर घेणाऱ्या-विकणाऱ्या दलालाने, जो भाव दिला तो एनएव्हीच्या पाचवा हिस्सा खाली होता. दीड महिना थांबला असता तर त्याला कंपनीकडून नेहमीच्या कपातीने पैसे मिळाले असते.

शेअर जास्त असतील तर फोनशिवाय मार्ग नाही. प्रत्येक व्हीसीटीचा एक कॉर्पोरेट ब्रोकर, म्हणजे कंपनीच्या वतीने शेअर घेणारा दलाल, असतो. त्याचं नाव वार्षिक अहवालात, साधारण शेवटच्या पानांवर, ऑडिटर आणि रजिस्ट्रारच्या (भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या) नावांशेजारी छापलेलं असतं. त्याला फोन करून तीनच गोष्टी विचारा: सध्या कंपनी खरेदी करते आहे की क्लोज्ड पिरियड (खरेदी बंद असण्याचा काळ, खाली सांगते) चालू आहे, आज भाव काय मिळेल, आणि माझे सगळे शेअर त्या भावाला घेतले जातील का. एवढं समजल्यावर तुमच्या ब्रोकरच्या फोन विभागाला सांगा की हे शेअर त्या कॉर्पोरेट ब्रोकरकडे, इतक्या भावाला विकायचे आहेत. तुमचा ब्रोकर त्याच्याशी बोलून व्यवहार पक्का करतो. फोनवरच्या व्यवहाराचं शुल्क अ‍ॅपपेक्षा जास्त असतं, पण भावातल्या फरकापुढे ते काहीच नाही.

आपल्या लोकांना, विशेषतः नव्याने आलेल्यांना, फोन करायचा संकोच वाटतो. आपला उच्चार कळेल का, आपला प्रश्न बाळबोध वाटेल का, असं मनात येतं. हा संकोच सोडा. पलीकडचा माणूस दिवसभर याच प्रश्नांना उत्तरं देत असतो, त्यात निवृत्त इंग्रज आजोबाही असतात ज्यांना यातलं काही ठाऊक नसतं. ईमेलने विचारत बसलात तर आठवडा जातो आणि तेवढ्यात खिडकी बंद होते.

क्लोज्ड पिरियड म्हणजे निकाल जाहीर होण्याआधीचे ३० दिवस. त्या काळात, किंवा भावावर परिणाम करेल अशी एखादी मोठी गोष्ट कंपनीला ठाऊक असून जाहीर केलेली नसेल तेव्हा, कंपनीला सहसा स्वतःचे शेअर घेता येत नाहीत. निकाल लागले की आधी थांबलेले सगळे एकदम विकायला येतात. म्हणून निकालाची तारीख पाहून ठेवा आणि त्याच्या आधीच तुमचे कागद तयार ठेवा.

कागद

ऑफरमधून थेट घेतलेल्या शेअरांचं बऱ्याचदा छापील सर्टिफिकेट पोस्टाने येतं. भारतात आपण डीमॅटला इतके सरावलो आहोत की हे जाडसर कागद पाहून नवी माणसं ते कौन्सिल टॅक्सच्या बिलांबरोबर कुठेतरी ठेवून देतात. मूळ सर्टिफिकेट नसेल तर विकता येत नाही. ते हरवलं तर रजिस्ट्रार हमीपत्र भरून घेतो, अनेकदा त्यावर बँकेची किंवा विमा कंपनीची सही मागतो, पैसे घेतो, आणि यात आठवडेच्या आठवडे जातात.

पोस्टाने येणारी पत्रं दोन असतात. एक शेअर सर्टिफिकेट, दुसरं करसवलतीचं प्रमाणपत्र, जे सेल्फ असेसमेंटला, म्हणजे स्वतः भरायच्या कर विवरणपत्राला, लागतं. दोन्ही वेगवेगळी आणि दोन्ही जपायची. विलीनीकरणाने व्हीसीटीचं नाव बदललं तर त्या वेळचं पत्र त्याच पाकिटात ठेवा. विलीनीकरणात नवे शेअर मिळाले तरी पाच वर्षांचा काळ जुन्या शेअरांच्या तारखेपासूनच चालू राहतो, आणि ते दाखवायला तेच पत्र कामी येतं.

विकायच्या किती तरी आधी, शक्य असेल तर आजच, सर्टिफिकेट तुमच्या ब्रोकरकडे पाठवून शेअर खात्यात जमा करून घ्या. मग विक्रीच्या दिवशी पोस्टावर अवलंबून राहावं लागत नाही. आणि घर बदललं की रजिस्ट्रारला कळवा. सुरुवातीच्या वर्षांत आपण दर वर्षी-दोन वर्षांनी भाड्याचं घर बदलतो, जीपीला कळवतो, बँकेला कळवतो, आणि रजिस्ट्रारला विसरतो. मग लाभांशाचे चेक आणि सूचना जुन्या घरमालकाच्या दारात पडत राहतात.

पाच वर्षं कुठून मोजायची

आता हे मात्र दोनदा वाचा.

करसवलत टिकवायची तर शेअर किमान पाच वर्षं ठेवावे लागतात. हे सगळ्यांना माहीत असतं. पाच वर्षं कोणत्या दिवसापासून, ते माहीत नसतं. तुम्ही अर्ज भरला तो दिवस नाही. पैसे खात्यातून गेले तो दिवस नाही. पोचपावती आली तो दिवसही नाही. शेअर तुमच्या नावावर अलॉट झाले, म्हणजे कंपनीने ते तुम्हाला दिले, तो दिवस, जो सर्टिफिकेटवर छापलेला असतो. ऑफरचे पैसे कंपनी जमवत राहते आणि दोन-तीन टप्प्यांत शेअर वाटते, त्यामुळे पैसे भरल्यापासून अलॉटमेंटपर्यंत कधी काही आठवडे, कधी त्याहून जास्त काळ जातो.

आमच्या ओळखीतल्या एका डॉक्टर दांपत्याला घराच्या डिपॉझिटसाठी पैसे हवे होते. त्यांनी बँकेच्या स्टेटमेंटवरून तारीख काढली. पैसे मार्चच्या सुरुवातीला गेले होते, म्हणून पाच वर्षांनी मार्चच्या शेवटी त्यांनी सगळे शेअर विकले. अलॉटमेंट होती एप्रिलची. काही दिवसांचा फरक. विक्रीतून ३८,००० पौंड आले होते, त्यातले ११,४०० पौंड त्यांना एचएमआरसीला, म्हणजे इथल्या कर खात्याला, परत करावे लागले. कारण मुदतीच्या आत विकलं तर तुम्हाला ज्या दराने सूट मिळाली होती त्या दराने, विक्रीतून आलेल्या रकमेवर, ती परत घेतली जाते. त्यात चूक दुरुस्त करायला कुठे अर्ज नाही, विनंती नाही. माणसं चांगली शिकलेली, हिशेबी. एवढं करून घर मिळालं, पण त्या वर्षी भारताची फेरी रद्द झाली आणि मुलाच्या नर्सरीचा खर्च क्रेडिट कार्डावर गेला.

आकड्यात पाहा. समजा ३० टक्क्यांच्या काळात १०,००० पौंड घातले आणि ३,००० ची सूट मिळाली. मधल्या काळात लाभांश मिळत गेले, आणि आज बायबॅकमधून ७,६०० पौंड येतात. पाच वर्षांनंतर विकले तर ७,६०० तुमचे. एक दिवस आधी विकले तर ७,६०० चे ३० टक्के, म्हणजे २,२८० परत करायचे आणि हातात ५,३२० राहतात. मधले लाभांश मात्र जात नाहीत. २० टक्क्यांच्या काळात घेतलेल्यांना याच रकमेवर १,५२० परत करावे लागतील.

म्हणून सर्टिफिकेट हातात घ्या, अलॉटमेंटची तारीख वाचा, त्यात पाच वर्षं मिळवा, आणि वर आठवडाभर तरी जाऊ द्या. ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये आजच टाका. बँकेच्या स्टेटमेंटवरून काढू नका.

यातली दुसरी खोच लाभांश पुन्हा गुंतवण्याच्या योजनेची. बऱ्याच व्हीसीटी लाभांशाच्या बदल्यात नवे शेअर घ्यायची सोय देतात, त्यावरही सवलत मिळते आणि ते बरं वाटतं. पण त्या प्रत्येक वेळच्या शेअरांची स्वतंत्र अलॉटमेंट तारीख असते आणि प्रत्येकाची पाच वर्षं वेगळी. मूळ शेअरांची मुदत संपली म्हणून सगळी होल्डिंग विकून टाकलीत, तर गेल्या पाच वर्षांत लाभांशातून आलेल्या शेअरांवरची सूट जाते. विकताना आधी घेतलेले शेअर आधी विकले असं धरलं जातं, तेव्हा फक्त जुन्यांच्या संख्येइतके विका आणि बाकीचे राहू द्या. आणि पुढच्या काही वर्षांत पैसे काढायचे आहेत असं ठरलं असेल तर ही योजना आधीच बंद करा, लाभांश रोख घ्या.

नवरा-बायकोत, एकत्र राहत असताना, शेअर नावावर करून दिले तर सूट जात नाही, आणि पाच वर्षांचा काळ पुढे चालू राहतो. आई-वडिलांना, भावाला किंवा मुलांना भेट दिले तर मुदतीच्या आत पूर्ण सूट परत जाते. मुदतीच्या आत मृत्यू झाला तर वारसांकडून ती परत मागत नाहीत.

विकून पुन्हा तीच घेणं

पाच वर्षं झाली की काहींच्या डोक्यात येतं, हे विकू आणि आलेल्या पैशात त्याच व्हीसीटीची नवी ऑफर घेऊ, पुन्हा सूट मिळेल. २०१४ पासून हे बंद आहे. विक्रीच्या सहा महिने आधी किंवा सहा महिने नंतर त्याच व्हीसीटीचे नवे शेअर घेतले, तर विक्रीची रक्कम वजा करून उरलेल्यावरच सूट. ७,६०० ला विकले आणि १०,००० चे घेतले, तर सूट २,४०० वरच. दुसरी व्हीसीटी घेतली तर चालतं. पण नीट पाहा: काही व्यवस्थापकांकडे एक, दोन, तीन अशा बहिणी-बहिणी व्हीसीटी असतात आणि त्यांची ऑफर एकत्र निघते, तुमचे पैसे सगळ्यांत वाटले जातात. तुम्ही विकलेली त्यातलीच एक असू शकते. शिवाय ज्या दोन व्हीसीटी पुढे विलीन होणार आहेत त्यांनाही हा नियम लागू पडू शकतो. माझं मत विचाराल तर सहा महिने सरळ थांबा.

तोटा झाला तर तो इतर नफ्यातून वजा करता येत नाही. नफ्यावर कर नाही, म्हणून तोट्यालाही किंमत नाही. ईआयएसमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांचे शेअर थेट घेण्याच्या दुसऱ्या करसवलत योजनेत, तोट्याची सवलत आहे, व्हीसीटीत नाही, आणि आपल्या ग्रुपवर हे दोन्ही सर्रास एकमेकांत मिसळून सांगितलं जातं.

जास्त भाव देणारा फोन

व्हीसीटीच्या भागधारकांची यादी कायद्याने पाहता येते. ती पाहून काही लोक फोन करतात: आम्ही तुमचे शेअर एनएव्हीपेक्षा जास्त भावाने घेतो, एका मोठ्या गुंतवणूकदाराला कंपनी ताब्यात घ्यायची आहे, तुम्ही फक्त आधी थोडी अनामत किंवा कागदपत्रांची फी भरा. बोलणं अतिशय सभ्य, लंडनचा पत्ता, पाठोपाठ छापील करार. हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे आणि व्हीसीटींच्या वार्षिक अहवालांत याबद्दल इशारे छापलेले असतात. तुमच्या शेअरांना एनएव्हीइतकाही भाव देणारं बाहेर कुणी नाही हे एकदा समजलं असेल, तर जास्त भाव देणारा कोण असेल हे वेगळं सांगायला नको. फोन ठेवा. फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या वित्तीय कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या नोंदवहीत नाव पाहा, आणि नाव सापडलं तरी नोंदवहीतल्या क्रमांकावर स्वतः उलट फोन करा. विकायला कधीही आगाऊ पैसे भरावे लागत नाहीत.

इंग्रजी बोलणं सफाईदार आणि गोरा माणूस म्हणून विश्वास ठेवण्याची आपल्यातल्या काहींची सवय आहे, ती मला खटकते. तशीच आपल्याच गावचा, आपल्याच मंडळातला म्हणून विश्वास ठेवण्याचीही. गणेशोत्सवात शेजारी बसून आरती म्हणणारा माणूस करसल्ला देऊ लागला तर त्याला प्रेमाने विचारा की तू स्वतः विकले आहेस का, आणि किती मिळाले.

भारतात परतणार असाल तर

आपल्यातले बरेच जण पाच-सात वर्षांत परत जायचं असं ठरवून आलेले असतात. व्हिसाचं काय होईल याची धाकधूक वेगळीच, कारण इथले स्थायिक होण्याचे नियम सारखे बदलत असतात. त्यामुळे निघायची वेळ आली की शेअर विकूनच जायला हवं असं लोक धरून चालतात आणि मुदत पुरी व्हायच्या आत विकून सूट परत करतात. याची गरज नाही. ब्रिटन सोडल्यामुळे, फक्त रहिवासी न राहिल्यामुळे, व्हीसीटीची सूट जात नाही. शेअर ठेवून जा आणि मुदतीनंतर तिकडून विका. परदेशात राहत असताना घेतलेली मालमत्ता भारतात परतल्यावरही ठेवायला फेमा या भारताच्या परकीय चलन कायद्याची परवानगी आहे.

पण तिकडून विकणं सोपं व्हावं म्हणून निघण्यापूर्वी चार गोष्टी उरकून घ्या. सर्टिफिकेटं ब्रोकरच्या खात्यात जमा करून घ्या, कारण मूळ कागद भारतातून पोस्टाने पाठवणं जोखमीचं. तुमचा ब्रोकर भारतातला पत्ता असलेल्या ग्राहकाला ठेवतो का, हे लेखी विचारून घ्या; काही ठेवत नाहीत. ब्रिटनमधलं तुमच्या नावाचं एक बँक खातं चालू ठेवा, पैसे त्यातच येतात, आणि ती बँक परदेशात गेलेल्यांची खाती बंद करत नाही ना तेही पाहा. चौथं, मृत्युपत्र करा. भारतात फॉर्मवर नॉमिनीचं नाव लिहून आपण निश्चिंत होतो. इथल्या शेअरांना तशी सोय नाही, रक्कम मोठी असेल तर वारसांना इथल्या कोर्टाचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मान्यता, घ्यावं लागतं. नाशिकला बसलेल्या आईला ते करायला लावू नका.

आणि भारतातला कर. परतल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं बहुतेकांना निवासी पण सामान्यतः निवासी नसलेला असा दर्जा मिळतो, आणि त्या काळात परदेशातलं असं उत्पन्न भारतात करपात्र नसतं. ती मुदत संपली की चित्र बदलतं. ब्रिटनने करमुक्त ठरवलेला लाभांश भारतात तुमच्या स्लॅबप्रमाणे करपात्र होतो. विक्रीतला नफाही करपात्र होतो. २४ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या अशा शेअरांवर २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के आहे. ब्रिटनमध्ये कर भरलेलाच नसतो, त्यामुळे तिकडे वजा करायलाही काही मिळत नाही. म्हणून पाच वर्षांची मुदत आणि भारतातली ही सवलतीची दोन-तीन वर्षं एकत्र मांडून पाहा. दोन्ही जुळत असतील तर त्याच काळात विका. सामान्य निवासी झाल्यावरही शेअर राहिले असतील तर दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात ते दाखवावे लागतात, एक पेन्स मिळाला नसला तरी. त्यासाठी लागणारे आकडे कॅलेंडर वर्षाचे, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंतचे असतात. न दाखवल्याबद्दलचा दंड काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाख रुपयांपर्यंतचा असू शकतो, आणि तुमचा नेहमीचा सीए हे विचारेलच असं नाही. निघताना अलॉटमेंटच्या तारखा, संख्या आणि भरलेली रक्कम एका कागदावर लिहून, सोबत सर्टिफिकेटांच्या प्रती जोडून, त्याच्याकडे आधीच देऊन ठेवा.